मचव्याचे मागले दार

मुलांनो, तुम्ही पाठवलेला फोटो मी भिंग लावून पाहिला. तुम्ही दोघे तुमच्या शिडाच्या बोटीवर उभे आहात, आणि मागच्या कठड्याला एक छोटे दार आहे. तुमच्या आईने कळवले की हे दार मूळचे नव्हे, तुम्ही ते मागाहून करून घेतले, म्हणजे पाण्यातून वर चढताना कोणी घसरू नये. तुम्हाला वाटत असेल, आजीला यातले काय कळणार! पण अगदी असेच दार मी इंग्रजी पाचवीत असताना रत्नागिरीत पाहिले आहे. ते करणारे अंताकाका आमचे शेजारी होते. त्यांच्याविषयी तुम्हाला कधी सांगितले नाही, ते आज नीट क्रमाने सांगते.

अंताकाका उंच आणि किडकिडीत होते. समोरून वारा येत असल्यासारखे किंचित पुढे झुकून चालत. धोतरावर काळा कोट, डोक्याला पगडी, आणि कोटाच्या खिशात घडीची लाकडी फूटपट्टी. मुंबईला गोदीत आराखडे काढण्याचे काम त्यांनी पुष्कळ वर्षे केले. डोळे अधू झाल्यावर ते काम सोडून ते आपल्या नारळीपोफळीच्या आगरात परत आले आणि एक मचवा विकत घेतला. मचवा म्हणजे एका डोलकाठीचे मध्यम गलबत. तो कौले आणि नारळ घेऊन किनाऱ्याकिनाऱ्याने पूर्णगडाच्या पलीकडपर्यंत जाई. चालवणारा धाकू तांडेल होता, पण खोड्या काढणारे मात्र अंताकाका.

त्यांची मोठी खोड दारांची. कोणी कुठे अडलेले त्यांना पाहवत नसे. माणूस असो, जनावर असो, अडला की काका पट्टी काढून माप घ्यायला बसत. त्यांच्या गोठ्याला दोन दारे होती, कारण तांबडी गाय आणि काळी म्हैस एकमेकींना वाट देत नसत. मांजरासाठी त्यांनी स्वयंपाकघराच्या दारात एक लहानगे दार कापले. मांजर काही त्यातून जाईना. ते मोठ्या दाराशीच बसून ओरडे. शेवटी काका जमिनीवर पालथे पडले आणि स्वतःचे डोके त्या दारातून पलीकडे काढून मांजराला म्हणाले, “हे असं यायचं. बघ!” मांजराने पाहिले आणि ते निघून गेले. माईकाकू, म्हणजे त्यांची बायको, चुलीपुढून म्हणाली, “उद्या भिंतीच काढून टाका, म्हणजे दारांचा प्रश्नच मिटला.”

त्यांच्या आणि आमच्या घरांमध्ये जांभ्या दगडाचा गडगा होता. मी इंग्रजी वाचायला त्यांच्याकडे जात असे, आणि त्यासाठी खालची पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, उतरून, वळसा घालून, पुन्हा चढून जावे लागे. एके दिवशी शाळेतून आले तो गडग्यापलीकडे दगडांचा ढीग, आणि काका बांबूचे बेडे बसवत उभे. माझे वडील ओटीवरून म्हणाले, “अंताकाका, गडगा अर्धा आमचा आहे हो.”

“तुमच्या अर्ध्याला मी हात लावलेला नाही,” काका म्हणाले. “तो आहे तसा आहे. बघा हवं तर.”

आणि खरेच, गडग्याच्या निम्म्या जाडीपर्यंतच त्यांनी दगड काढले होते. आमच्या बाजूची अर्धी भिंत तशीच उभी, आणि तिच्यापुढे त्यांचे दार! वडिलांनी दोन दिवस ते सहन केले आणि तिसऱ्या दिवशी उरलेले दगड स्वतःच्या हाताने काढले. त्यानंतर मी त्या वाटेने रोज गेले. वाचताना मी अडखळले की काका पुस्तक मिटत आणि म्हणत, “शब्दाला धक्का मारू नये. कडी कुठे आहे ते बघावं.”

आता मचव्याकडे येते. तुम्हाला त्या वेळचे बंदर डोळ्यांपुढे आणावे लागेल. मचवे उथळ पाण्यात उभे राहत. पुरुषांना खलाशी पाठुंगळीला घेत, आणि बायकांना दोघे मिळून हातांची खुर्ची करून उचलून नेत. भाट्याची खाडी उतरतानाही हाच प्रकार. सगळे तसेच जात, कोणाला त्यात काही वाटत नसे. अंताकाकांना वाटे. मुंबईहून कायमचे आले त्या दिवशी ते खलाशाच्या पाठीवर बसायला तयार झाले नाहीत. पायताणे डोक्यावर धरून, कोटासकट छातीभर पाण्यातून चालत किनाऱ्याला लागले. “धोतर वाळतं,” ते म्हणाले. “पोत्यासारखं उचललं गेलेलं माणूस वाळत नाही.”

माईकाकूला मात्र तसे चालत येणे शक्य नव्हते. ती अंगाने भरलेली होती आणि तिचा उजवा गुडघा धरलेला होता. पाय एका ठरावीक उंचीच्या वर उचलत नसे. त्यात तिचा मानी स्वभाव. एकदा दोन खलाशी तिला उचलताना आपसात काहीसे बोलून हसले होते. ते काय बोलले हे तिने कोणाला कधी सांगितले नाही, पण त्या दिवसापासून तिने पाण्यापलीकडे पाऊल टाकले नाही. तिचे माहेर पूर्णगडला. तिथे तिची म्हातारी आई पुतण्याकडे राहत होती, आणि त्या म्हातारीची दृष्टी गेली होती. गाडीवाटेने जायचे तरी खाड्या उतराव्या लागत, म्हणजे पुन्हा उचलणे आलेच. मायलेकींची भेट होऊन पुष्कळ वर्षे झाली होती. धाकू तांडेल पूर्णगडहून परतला की माईकाकू त्याला ओटीवर बसवून पोहे देई आणि विचारी, “आई काय म्हणाली?”

एकदा धाकू म्हणाला, “म्हातारी आता कुनीपन आला की त्याच्या तोंडावरून हात फिरवते. इचारते, ‘आवडी आली काय?’ मी म्हटलं, मी धाकू. तर हात काढून घेतला.”

आवडी हे माईकाकूचे माहेरचे नाव. ती उठली. पोह्यांची बशी उचलून आत गेली. काका झोपाळ्यावर बसले होते. त्यांनी खिशातून पट्टी काढली.

पावसाळ्यात मचवे किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी शाकारून ठेवत, आणि दुरुस्त्या तेव्हाच होत. काकांनी आधी धाकूला मचव्यामागे उभे करून बेत सांगितला. मागच्या बाजूला सुकाणूजवळ तांडेलाची जागा असते आणि तिच्यामागे कठडा. तो कठडा सुकाणूच्या डाव्या अंगाला कापायचा, तिथे दार बसवायचे, आणि दाराखाली आकड्यांवर अडकवायची एक शिडी. मचव्याची पाठ किनाऱ्याकडे करून उभा केला की बाईमाणूस शिडी चढून, दारातून, आपल्या पायांनी आत येईल.

धाकूने ऐकून घेतले आणि डोके हलवले. “नाय काका. मागनं वारा असला की मी ह्या कठड्याला पाठ लावून सुकानू धरतो. तुमी तोच कापलात तर मी टेकू कशाला? तुमच्या पट्टीला?”

“दाराला टेक. दार बंद असेल.”

“आनि उघडलं तर?”

“आत उघडेल, बाहेर नाही. तू जितका रेटशील तितकं ते घट्ट बसेल.”

धाकूने यावर विचार केला. मग खरी अडचण काढली. “गलबताला मागलं दार कुनी केलेलं नाय. मागल्या दारानं लक्ष्मी जाते.”

“घराला आहे ना मागलं दार? मग तिन्हीसांजेला आपण काय करतो?”

“लावून घेतो.”

“मग हेही लावून घेऊ. मी स्वतः येऊन कडी घालीन.”

धाकू हसला, आणि माणूस हसला की काकांचे काम झालेले असे. पण करवत लावायच्या दिवशी धाकू तिथे थांबला नाही. “माज्या डोळ्यादेखत नको,” म्हणून तो पालीला बाजाराला निघून गेला.

काम सबंध पावसाळाभर चालले. मी शाळेतून येताना झावळ्यांखाली डोकावत असे. कठडा मध्ये कापला की त्याची दोन्ही टोके सुटी पडतात, हे मला तिथे कळले. म्हणून काकांनी कापाच्या दोन्ही बाजूंना जाड खांब उभे केले, ते खालच्या वाशांना बोल्टांनी आवळले, आणि दोन्ही खांबांना खालून जोडणारी सागवानाची एक रुंद, जाड फळी बसवली. “हिच्यामुळे मागची बाजू फाकणार नाही,” त्यांनी मला समजावले. “आणि शिडीची शेवटची पायरी म्हणूनही ती चालेल. माईने तिच्यावर पाय ठेवायचा आणि आत उतरायचं. मी तिच्या पायाचं माप घेऊनच उंची ठरवली आहे.” दाराला कडी होतीच, शिवाय दोरीने बांधलेली एक लाकडी खुंटी. काम पुरे झाल्यावर धाकू आधी दार बंद करून त्याला पाठ लावून बसला आणि तीन खलाशांना म्हणाला, “रेटा मला.” त्यांनी रेटले. दार हलले नाही. “बरं आहे,” तो म्हणाला. त्याच्या तोंडून एवढे निघाले म्हणजे पुष्कळ होते.

नारळी पौर्णिमेला मचवा पुन्हा पाण्यात उतरला. बंदरावर सगळेच जमले होते. धाकूने नाळेची, म्हणजे मचव्याच्या पुढच्या टोकाची, पूजा केली, नारळ सोडला. माईकाकू नवे लुगडे नेसून आली होती. आपल्यासाठी केलेले दार तिने तेव्हाच पहिल्यांदा पाहिले. मचवा अजून वाळूवरच होता, तेव्हा तिने दारापाशी जाऊन, घरी नव्या दाराचे करतात तसे, त्या सागवानी फळीला हळदकुंकू लावले, दोन फुले ठेवली, आणि हात जोडले. तिचे डोळे भरून आले होते. काका दुसरीकडे पाहत पगडी सारखी करत राहिले.

दुसऱ्या दिवशी खाडीत चाचणी होती. मचव्याची पाठ किनाऱ्याकडे, शिडी अडकवलेली, काका कमरेभर पाण्यात शिडी धरून उभे. माईकाकू एकेक पायरी चढली. दोरी धरलेली, पाय अगदी ठाम. किनाऱ्यावरच्या बायकांनी माना उंच केल्या. शेवटच्या पायरीवर ती थांबली.

“हं, आता फळीवर पाय ठेव,” काका खालून म्हणाले.

“कसा ठेवू?”

“उजवा नको, डावा ठेव.”

“अहो, तो उंबरा आहे.”

“उंबरा नाही गो! फळी आहे.”

“दाराखाली आडवी असते तिला काय म्हणतात? आणि काल मी तिची पूजा केलीय. उंबऱ्यावर पाय देऊ? आजवर कधी दिला नाही, तो आता या वयात देऊ?”

“मग उतर खाली.”

तेही तिला पसंत नव्हते. इतक्या लोकांदेखत खाली उतरायचे! तिने लुगड्याचा घोळ आवरला आणि उंबरा ओलांडायला पाय उचलला. डावा पाय पलीकडे गेला, उजवा गुडघा वळेना, आणि ती मागे कलंडली. काकांनी तिला झेलायला हात पसरले. पुढच्या क्षणी दोघेही पाण्यात गेले. काकांची पगडी ओहोटीबरोबर एकटीच निघाली.

कोणाला काही लागले नाही. किनाऱ्यावर मात्र हशा पिकला, आणि मी सुद्धा हसले, कारण पगडीमागे दोन खलाशी धावत होते. माईकाकू भिजल्या लुगड्यानिशी, कोणाकडे न पाहता, पाखाडी चढून घरी गेली. त्यानंतर तिने बंदराचे नाव काढले नाही. “मला जायचंच नाही,” ती म्हणे. “आई आहे तिथे सुखरूप आहे.”

काका खचले. मी वाचायला गेले तरी पुस्तक उघडत नसत. एक दिवस ते मचव्यावर जाऊन नारळाच्या काथ्याने फळी घासून आले आणि म्हणाले, “कुंकू पुसलं. आता ती नुसती फळी आहे.”

माईकाकू तांदूळ निवडत होती. “माझं कुंकू पुसलं तर मी नुसती बाई होईन का?” ती म्हणाली. 

मग काकांनी फळीच काढून टाकायचे ठरवले. या खेपेला धाकूने त्यांच्या हातातली करवत काढून घेतली. “ही काढलीत तर खांब सुटतील आनि मागची बाजू दर्यात गळून पडेल. तुमीच सांगितलंत मला. येवडं दार केलंत, काका, आनि अडलंत कुंकवावर!”

दसरा झाला. समुद्र निवला. आणि पूर्णगडहून धाकू निरोप घेऊन आला. म्हातारीने अंथरूण धरले होते. आता ती कोणाच्या तोंडावरून हात फिरवत नव्हती, आवडी आली का असेही विचारत नव्हती.

“विचारत नाही?” माईकाकूने पुन्हा विचारले.

“नाय, वैनी. इचारायची थांबली.”

मी तेव्हा गडग्याच्या बेड्यातून आत येत होते. माईकाकूने जेवणाची पाने घेतलेली होती. ती बराच वेळ काकांच्या पानापुढे उभी राहिली. मग वाकून तिने त्यांचा बसायचा पाट उचलला आणि काकांच्या हातात दिला.

“हा ठोका त्या उंबऱ्यावर.”

“पाट?”

“पाटावर उभं राहायला कुणाची ना आहे? लग्नात मी पाटावरच उभी होते ना? तुम्हीही होतात.”

काका पाटाकडे पाहत राहिले. मग त्यांनी खिशातली पट्टी काढली, पाट उलटा करून मापला, आणि काय आश्चर्य, पाट फळीच्या रुंदीला जवळपास जुळत होता. “आणि मी जेवायला कशावर बसू?” त्यांनी विचारले.

“जमिनीवर. दारं करणाऱ्या माणसाला जमीन पुरते.”

दुसऱ्या दिवशी भरतीच्या वेळी, उजाडता उजाडता, मचवा निघाला. माईकाकूने कोणालाही यायला बंदी केली होती. मला मात्र फराळाचे गाठोडे धरायला नेले. ती शिडी चढली. शेवटच्या पायरीवरून तिने डावा पाय पाटावर ठेवला, मग उजवा ओढून घेतला, आणि त्या दारात दोन्ही पायांवर सरळ उभी राहिली. खाली पाण्यात उभे असलेले काका हळूच म्हणाले, “सावधान!”

“पुरे चेष्टा,” ती मागे न पाहता म्हणाली आणि आत उतरली. तिच्यामागून काकाही चढले. धाकूने दार लावले, खुंटी घातली, आणि पाठ टेकून सुकाणू धरले. गाठोडे वर देताना मी पाहिले, त्याने बसताना पाय आखडून घेतले होते, पाटाला लागू नयेत म्हणून.

ते आठ-दहा दिवस काकांच्या घरात मांजराखेरीज कोणी नव्हते. आमच्याकडून मी त्याला दूध नेत असे. माझ्या आईला वाटत होते, बातमी वाईटच येणार. पुढच्या वर्षी वडिलांची बदली झाली आणि आम्ही रत्नागिरी सोडली. काकांची पत्रे पुढे पुष्कळ आली, पण भेट झाली नाही. म्हणून मचवा परत आला त्या दिवसाचेच काका माझ्या डोळ्यांपुढे आहेत.

दुपार कलली होती. शीड दिसल्यावर मी धावत खाली गेले. मचवा वळला, पाठ किनाऱ्याकडे झाली, काका कोटासकट पाण्यात उतरले आणि त्यांनी शिडी अडकवली. दार आत उघडले. माईकाकू दिसेल म्हणून मी पाहत होते, तर दारात एक इवलीशी म्हातारी उभी! अंगाभोवती विधवेचे तांबडे आलवण घट्ट लपेटलेले. माईकाकूने मागून तिला दोन्ही खांद्यांना धरले होते.

“आवडे, पुढे काय आहे गो?” म्हातारीने विचारले. “उंबरा आहे काय?”

“नाही हो, सासूबाई, पाट आहे,” काका खालून म्हणाले. “पाय द्या त्याच्यावर. निर्धास्त द्या.”

म्हातारीने अनवाणी पायाच्या बोटांनी पाट चाचपला. “लेकीच्या घरी राहायचं म्हणजे लोक काय म्हणतील?” असे पुटपुटत ती पाटावर उभी राहिली, मग एक पायरी, मग दुसरी. काकांनी प्रत्येक पायरीला तिचा पाय हाताने धरून ठेवला. पाण्यातून वाळूपर्यंत तिला कोणी उचलले नाही. एका हाताला काका, दुसऱ्या हाताला लेक, अशी ती गुडघाभर पाण्यातून चालत आली. वाळू लागल्यावर थांबली आणि म्हणाली, “आले गो मी.”

मायलेकी पाखाडीकडे निघाल्या. थोडे चढून गेल्यावर माईकाकू वळली आणि हाक मारली, “अहो, येता ना?”

काका पुन्हा पाण्यात जाऊन मचव्यापाशी उभे होते. “तुम्ही व्हा पुढे,” ते म्हणाले. “मी आलोच.”

पण ते आले नाहीत. आमच्याकडे पाठ करून ते ओंजळीने तोंडावर पाणी मारत राहिले. खारे पाणी डोळ्यांना झोंबते हे त्यांना ठाऊक नव्हते असे नाही. तरी ते पुन्हापुन्हा मारत होते, आणि दारात बसलेला धाकू तांडेल मुद्दाम दुसरीकडे, खाडीच्या मुखाकडे पाहत होता.